गोदूआत्याच्या कपाटाची किंमत

आमच्या हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं असेल तर माणसाला आडवं व्हावं लागतं. आडवं म्हणजे झोपायचं नाही, खेकड्यासारखं सरकायचं. डावा खांदा पुढे, पोट आत, श्वास रोखलेला. पाहुणे आले की मी आधी स्वतः प्रात्यक्षिक करून दाखवतो. गेल्या मार्गशीर्षात मिताली, म्हणजे माझी बायको, गरम वरणाचं पातेलं घेऊन अशीच सरकत असताना तिच्या पायाची करंगळी कपाटाच्या पायावर आपटली. त्यानंतर ती जे बोलली ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो. "या घरात एक तर हे कपाट राहील, नाहीतर मी!"

यावर मी विचार करायला थोडा वेळ घेतला, हे माझं चुकलंच.

कपाट गोदूआत्याचं. गोदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, आवाज खणखणीत. जुन्या पनवेलीतली तिची इमारत धोकादायक ठरली आणि ती मुलाकडे, तळोजाला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली. भांडीकुंडी वाटली, पलंग दिला, कपाट मात्र त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरेना. माझा आतेभाऊ म्हणाला, भंगारवाल्याला बोलावू. तेव्हा आत्या मला म्हणाली, "सुशा, माझ्या वडिलांनी लग्नात दिलंय रे मला ते. माहेरची वस्तू माहेरी जाऊ दे. तुझ्याकडे असलं म्हणजे माझं काहीतरी कुठेतरी उभं आहे एवढं तरी वाटेल. विकणार नाहीस ना?"

"छे! काहीतरीच काय आत्या!" असं मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. भावनेच्या भरात माणसानं छातीवर हात ठेवण्याआधी टेप घेऊन हॉलची रुंदी मोजावी, एवढा एक धडा माझ्या आयुष्यातून तरुणांनी घ्यावा.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी आत्याचा फोन येतो. माझी चौकशी नाही, मितालीची नाही. "कपाट बरं आहे ना?" मी म्हणतो, "उत्तम आहे." दुखणाईत माणसाची विचारपूस करावी तसा सगळा प्रकार. आणि करंगळी प्रकरणानंतरच्या सोमवारी मी "उत्तम आहे" म्हणत असताना मिताली समोर बसून फोनवर जुन्या कपाटांचे भाव बघत होती.

"अहो, लाखांत जातात ही!" ती म्हणाली. "पण कपाट कसलं आहे, कुठलं आहे, किती जुनं आहे, ते माहीत पाहिजे."

आता हे कोण सांगणार? आजोबांनी ते कुठून आणलं होतं ते आजोबांनाच ठाऊक, आणि ते जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. शिवाय आत्याच्या सासरी प्रत्येक लग्नाला भिंतींबरोबर कपाटालाही ऑइलपेंट मारायची पद्धत. मुलीकडच्यांना घर नवं दिसावं म्हणून. त्यामुळे वरून बघितलं तर कपाट तपकिरी, टवका उडाला तिथे पिस्ता, त्याच्या आत आकाशी. लाकूड कुठे आहे याचा पत्ता नाही.

मी ही गोष्ट गुप्त ठेवायची ठरवली, म्हणून फक्त उदयसिंह मोहित्यांना सांगितली. मोहिते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पोलीस खात्यातून निवृत्त. त्यांना एक गोष्ट सांगितली की नोटीस बोर्डाचा खर्च वाचतो. अर्ध्या तासात ते तिसऱ्या मजल्यावरच्या भावेशभाईंना घेऊन हजर. भावेशभाईंचं प्लायवूडचं दुकान आहे, त्यामुळे लाकडातलं त्यांना कळतं असा त्यांचा समज आहे. त्यांनी कपाटाचं दार उघडलं, आत डोकं घातलं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं, "डांबरगोळ्या आहेत."

"ते आम्हालाही माहीत आहे," मिताली म्हणाली.

"असं वासावर नसतं हो," मोहिते म्हणाले. "शिसव पाण्यात बुडतं, साग तरंगतो. सरळ हिशेब आहे. बादली आणा!" कपाट बादलीत मावणार नव्हतं हे त्यांच्याही लक्षात आलं, म्हणून खणाची लाकडी मूठ काढली आणि पाण्यात सोडली. आम्ही चौघं बादलीभोवती उकिडवे बसलो. मूठ आधी बुडाली. भावेशभाई म्हणाले, शिसव! मग ती हळूहळू वर आली. मोहिते म्हणाले, साग! मग ती पुन्हा खाली गेली आणि बादलीच्या मधोमध लटकत राहिली. सरकारी खात्यात बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला अधांतरी लटकलेल्या गोष्टींचं नवल नाही, पण इतका निर्विकारपणा मी फायलींतही पाहिला नव्हता. शिवाय पाणी पिऊन ती मूठ एवढी फुगली की पुन्हा भोकात जाईना. तेव्हापासून तो खण आम्ही उलथन्याने उघडतो.

जाता जाता मोहित्यांनी दारात उभं राहून बाँब टाकला. "सुशांतराव, शिसव निघालं तर परवाना लागेल हं! झाड तोडल्याचा दाखला असल्याशिवाय हलवता यायचं नाही. मी सेक्रेटरी म्हणून गेटबाहेर सोडणार नाही. नंतर बोलू नका."

म्हणून मी एक रजा टाकून झाडांशी संबंधित एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, मलाही पुढे पेन्शन घ्यायची आहे. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "झाड कुठे आहे?"

"हॉलमध्ये."

"हॉलमध्ये झाड लावलंय?"

"लावलं नाही साहेब, कपाट आहे."

"मग झाड तोडलं कधी?"

"ते मला कसं माहीत असणार? माझ्या आजोबांच्याही आधी कधीतरी."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग अर्ज आजोबांच्या सहीनं लागेल."

आजोबा हयात नाहीत म्हटल्यावर त्यांनी वारसदाखला मागितला, आणि कपाटाचा फोटो झाडाच्या रकान्यात चिकटवायला सांगितला. इथपर्यंत मी सहन केलं. पण माझा अर्ज घेताना तिथल्या कारकुनानं आवकचा शिक्का उलटा मारला. उलटा! बत्तीस वर्षांत माझ्या हातून असं एकदाही झालेलं नाही. मी तो अर्ज परत घेतला, घडी घातली आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो. माणसाचा काही स्वाभिमान असतो.

शेवटी मितालीनंच शोधून काढलेला प्रणित नावाचा तज्ज्ञ खारघरहून आला. जुन्या फर्निचरची पारख करणं हाच त्याचा व्यवसाय. वय असेल अठ्ठावीस, हातात बॅटरी, डोळ्याला भिंग. आल्या आल्या तो कपाटाखाली शिरला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत आमच्या घरातली सगळी धूळ होती आणि मिताली शरमेनं लाल झाली होती.

"काका, सांगाडा सागाचा आहे, दारं शिसवीची. शंभर-एकशेदहा वर्षं सहज. चांगल्या कारागिराचं काम आहे."

"म्हणजे बादलीचा निकाल बरोबर होता!" दारातून मोहिते ओरडले. ते कधी आले होते देव जाणे.

"भाव काय येईल?" मितालीनं मुद्द्याला हात घातला.

प्रणितनं मधल्या दारावर बोट ठेवलं. तिथे कुलपाच्या वर वीतभर लांबीची पितळी पट्टी आहे, चार स्क्रूंनी बसवलेली, कोरी. "ही मालकाच्या नावाची जागा, काकू. बनवणारा पट्टी लावून द्यायचा, नाव मालकानं कोरून घ्यायचं. तुमच्याकडे कुणी घातलंच नाही. आता बघा, असंच विकलं तर साठ हजार. तेच पट्टीवर जुन्या मालकाचं नाव असतं, म्हणजे वस्तू कुणाच्या घरातली हे वस्तूच सांगते आहे, तर दोन लाखाला गिऱ्हाईक उभं केलं असतं." दोन दिवसांनी फोटो काढायला येतो म्हणून तो गेला.

वाचकहो, इथे माझ्या डोक्यात जे आलं ते तुमच्याही आलं असतं. आपल्या घरांत नाव नसलेली वस्तू असते का? आमच्या घरात तर चमच्यावरही नाव आहे. माझ्या मुंजीतला तांब्या, मितालीच्या मंगळागौरीची वाटी, शेजारच्यांकडून शिऱ्यासकट आलेली आणि परत द्यायची राहिलेली ताटली, सगळ्यांवर नावं, तारखा, निमित्तं. मग पट्टीवर नाव घालणं ते काय अवघड? आणि यात खोटं काय होतं? कपाट आत्याचं, नाव आत्याचं. ते शंभर वर्षांपूर्वी घातलं की मंगळवारी घातलं, एवढाच काय तो फरक.

मी पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि बाजारात भांडीगल्लीत काशीरामकडे गेलो. काशीराम तीस वर्षं दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर मशीननं नावं घालतो. मी कागदावर लिहून दिलं: गोदावरी यशवंत गुप्ते.

त्यानं कागद वाचला. "तुमची कोन?"

"आत्या. वडिलांची बहीण. तिचंच कपाट आहे."

काशीरामनं मान हलवली, जरा हळहळल्यासारखी. मला वाटलं, सवय असेल. तेवढ्यात मोहित्यांचा फोन आला, की कपाट गेटबाहेर न्यायचं तर सोसायटीचा ना-हरकत दाखला तीन प्रतींत लागेल. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांच्याशी वीस मिनिटं भांडलो. परत येईतो काशीरामनं पट्टी कागदात बांधून ठेवली होती. "चित्राचं पैसं घेतलं नाय," तो म्हणाला. कसलं चित्र ते विचारायचं मला सुचलं नाही. मी अजून मनात मोहित्यांना उत्तरं देत होतो.

घरी येऊन पट्टी उघडली. टिंबाटिंबांच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: कै. गोदावरी यशवंत गुप्ते यांच्या स्मरणार्थ. शेवटी एक नंदादीप.

मिताली मटकन खाली बसली. "अहो, जिवंत माणसाला..."

मी तसाच धावत काशीरामकडे. "अहो, आत्या जिवंत आहे माझी! धडधाकट आहे!"

काशीराम शांतपणे एका परातीवर कुणाचं तरी बारसं घालत होता. "मंग तसं बोलाचं ना. आवो, बाई जिती आसली तं नाव तिच्या मालकाचं घालतात. नायतर पोराचं. बाईचं एकलीचं नाव कवा घालतात? ती गेल्यावर. तीस वरसं ह्योच धंदा हाय माजा, जित्या बाईचं एकलीचं नाव आजवर कोनी आनलं नाय. तुमी पयले."

"मग ते कै. तरी काढा!"

"घालाचं मशीन हाय. काढाचं नाय."

प्रणित ठरल्याप्रमाणे आला आणि पट्टीसमोर बराच वेळ भिंग धरून उभा राहिला. "एवढी वर्षं कोरी राहिलेली अस्सल पट्टी, काका!" तो म्हणाला. "आता हे भांडं झालं." त्यानं भाव सांगितला आठ हजार, तोही माझ्या वयाकडे बघून. मी त्याला चहा विचारला नाही.

आणि शनिवारी आत्याचा फोन. सोमवारची बाई शनिवारी फोन करते म्हणजे काहीतरी आहे, हे मी ओळखायला हवं होतं. "सुशा, उद्या येते रे. कपाट बघावंसं वाटतंय." आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "मला तुझ्याशी थोडं बोलायचंही आहे."

मोहित्यांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं, सोसायटीतल्या कुणी तळोजाला सांगितलं असेल, मी कपाट विकायला काढलंय हे तिला कळलं असणार. मी पट्टी घासायला घेतली. चिंच लावली, राख लावली, पितळेचं पॉलिश आणलं. अक्षरं जाईनात, उलट झगमगायला लागली. पट्टी उलटी बसवायला गेलो तर स्क्रू बसेनात. काढूनच टाकली तर तिथे लाकडाचा असा पांढुरका चौकोन, की आंधळ्यानंही विचारावं, इथलं काय काढलंत? शेवटी पट्टी परत लावली आणि दाराच्या कडीला एक मोठा टॉवेल लटकवून ठेवला.

रविवारी अकरा वाजता आत्या आली. एकटीच, रिक्षानं. हॉलमध्ये पाऊल ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "माझ्या कपाटावर टॉवेल वाळत घालतोस?" आणि मी "आत्या, आधी पाणी घे," म्हणेपर्यंत तिनं तो ओढलासुद्धा.

चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. मोठ्यानं वाचलं. "कैलासवासी गोदावरी यशवंत गुप्ते यांच्या स्मरणार्थ." स्वयंपाकघरात वालाच्या बिरड्याला उकळी येत होती.

"कधी गेले रे मी?" आत्यानं विचारलं.

मला लाज वाटली. साधी, सरळ, पोटातून आलेली लाज. सत्तावन्न वर्षांच्या घोड्याला रडू यायला लागलं आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं. करंगळी, बादली, उलटा शिक्का, प्रणित, दोन लाख, काशीराम. "मी तुला शब्द दिला होता आत्या, आणि विकायला काढलं मी ते. चुकलो." मिताली पुढे येऊन म्हणाली, "त्यांचं एकट्याचं नाही आत्या, मीच मागे लागले होते." हे मात्र मला अनपेक्षित होतं.

आत्यानं पट्टीवरून बोट फिरवलं, प्रत्येक अक्षरावरून, सावकाश. मग ती खुर्चीवर बसली आणि पाणी प्यायली.

"तुझा तो नावं घालणारा खरं बोलला," ती म्हणाली. "लग्नातली भांडी आली त्यांवर माझ्या वडिलांचं नाव. संसारातल्या भांड्यांवर यांचं. पुढे पोराचं, मग नातवाचं. लाइटचं बिल शेवटपर्यंत यांच्या नावानं येत होतं, हे जाऊन अठरा वर्षं झाली तरी. माझं एकटीचं नाव पहिल्यांदा बघतेय मी. आणि मेल्या, गेलेल्या बायकांना ते बघायला मिळत नाही, मला मिळालं."

मी नाक पुसलं.

"तळोजाला काय आहे," आत्या खिडकीकडे बघत म्हणाली, "वाईट नाहीत रे ती. सून आहे, निशा, ती करते सगळं, वेळेवर औषध देते, खोटं कशाला बोलू? पण मला एक खण दिलाय, इस्त्रीच्या कपड्यांखालचा. चोळी काढायची तर आधी विचारावं लागतं. काल म्हटलं, जावं सुशाकडे, चार दिवस माहेरपण मागावं. कुणी मागतं का चौऱ्याऐंशीव्या वर्षी? पण म्हटलं, विचारून तर बघू. खाली रिक्षा उभी करून ठेवलीये, दोन बॅगा आहेत तिच्यात. त्या माणसाला म्हटलं, थांब जरा, आधी वर विचारून येते. नाही म्हणाले तर परत जाऊ."

"अगं, विचारायचं काय त्यात!" मी म्हणालो.

"तेच. आता काय विचारायचं? माझ्या नावाचं कपाट आहे, लिहिलेलंच आहे की." तिचा आवाज पुन्हा खणखणीत झाला होता.

मी दाराकडे निघालो. पण बत्तीस वर्षांची सवय, आवकची नोंद झाली की जावकची तारीख विचारल्याशिवाय चैन पडत नाही. "चार दिवस ना, आत्या?"

"सुशा," आत्या म्हणाली, "कैलासवासी माणसाला कुणी घर सोड म्हटलेलं ऐकलंयस कधी?"

मितालीनं आत जाऊन गॅस बंद केला, आडवी होऊन बाहेर आली, कपाटाचं मधलं दार उघडलं आणि माझ्या इन्कम टॅक्सच्या अकरा वर्षांच्या फायली एकेक करून माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली. "उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "मधले दोन्ही कप्पे आत्यांना लागतील. आणि जा आधी, रिक्षावाला निघून जाईल."